बोर्डावरचे व्होल्ट कर्नेलला कोण सांगतं?

कोराडीच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज ४०० किलोव्होल्टच्या तारांवरून प्रवासाला लागते. वाटेत २२०, १३२, ३३, ११ किलोव्होल्ट अशा पायऱ्या उतरत ती नागपूरच्या धरमपेठेतल्या घरात २३० व्होल्ट होऊन पोचते. तिथे भिंतीला लावलेला अडॅप्टर तिचे ५ व्होल्ट डीसी करतो आणि बहुतेकांच्या लेखी प्रवास इथे संपतो. पण त्या अडॅप्टरला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डातल्या प्रोसेसरच्या गाभ्याला ५ व्होल्ट थेट दिले तर तो तिथल्या तिथे जळेल. त्याला लागतात १ व्होल्टच्या आसपास. शेजारच्या रॅमला १.५ किंवा १.३५, मेमरी कार्डाला ३.३, एखाद्या सेन्सरला १.८. या शेवटच्या पायऱ्या बोर्डावरच उतराव्या लागतात, आणि ते काम करणारा भाग म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर.

आधीच्या पायऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या. त्यांचा तुमच्या बोर्डावरच्या लिनक्सशी काही संबंध नाही. शेवटच्या पायऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथला रेग्युलेटर पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलच्या, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या तिच्या मुख्य प्रोग्रामच्या, ताब्यात असतो. कर्नेल त्याला चालू-बंद करू शकतं आणि व्होल्टेजही वर-खाली करू शकतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. हा अधिकार चुकीच्या हाती गेला तर काय होईल याचा विचार केला, की रेग्युलेटरची सेटिंग्ज लिहायला इतके नियम का आहेत ते उमगतं.

उदाहरणासाठी एक बोर्ड मनात धरू. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत ठेवायचं यंत्र आहे. लिनक्सवर चालतं, मातीतला ओलावा मोजतं, नोंदी मेमरी कार्डावर लिहितं आणि दिवसातून काही वेळा जीएसएम मोडेमने आकडे पाठवतं. वीज सोलर पॅनेलची आणि बॅटरीची.

अशा बोर्डावर दोन जातींचे रेग्युलेटर भेटतात. पहिला लिनिअर, म्हणजे एलडीओ. हा जास्तीचं व्होल्टेज सरळ उष्णतेत जाळतो. ५ व्होल्टचे ३.३ करताना अर्धा अँपिअर करंट वाहत असेल तर १.७ गुणिले ०.५, म्हणजे ०.८५ वॅट नुसती धग. पुण्याच्या एसी लॅबमध्ये हे खपून जातं. मे महिन्यात विदर्भात, ४५ अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या बंद पेटीत त्याच चिपला बोट लावून बघा. दुसरी जात स्विचिंगची, तिला बक म्हणतात. ती वीज तुकड्यातुकड्याने आत सोडते आणि कॉइल-कपॅसिटरने सपाट करते. त्यामुळे फार कमी वाया जातं, पण आउटपुटमध्ये थोडी खरखर उरते. म्हणून जड कामाला बक आणि नाजूक सेन्सरला एलडीओ, अशी वाटणी दिसते. पाच-सात बक आणि एलडीओ एकाच चिपमध्ये भरले की तिला पॉवर मॅनेजमेंट चिप म्हणतात, बोलताना 'पीएमआयसी'. प्रोसेसर तिच्याशी आयटूसीच्या दोन तारांवर बोलतो. चिपमधल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात, एक आकडा लिहिला की व्होल्टेज बदललं, इतकं ते सोपं आहे.

मग कर्नेलला वेगळं काय सांगायचं? इंजिनिअरिंगची पोरं हे हमखास विचारतात: "सर, चिपचा ड्रायव्हर तर कर्नेलमध्ये आहेच ना, मग अजून काऊन लिहायचं?"

कारण ड्रायव्हरला, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या कर्नेलमधल्या कोडला, चिप माहीत असते, बोर्ड माहीत नसतो. यूएसबीचा पेनड्राइव्ह खोचला की तो आपली ओळख स्वतः सांगतो. रेग्युलेटरच्या आउटपुटवर काय डकवलंय ते मात्र कोणीच सांगत नाही, ती फक्त तांब्याची एक रेघ असते. घरच्या लॅपटॉपवर या भानगडी मशीनमध्येच भरलेलं फर्मवेअर आणि एसीपीआय हे त्याचं मानक परस्पर सांभाळतात. मोबाइल आणि छोट्या बोर्डांच्या जगात तसं कोणी नाही.

आपल्याकडे फ्रिज किंवा कूलरला स्टॅबिलायझर घ्यायला नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, गेलात, तर चांगला दुकानदार आधी विचारतो, कशाला लावायचाय? डब्याला आतून काहीच कळत नाही. त्याच्यापुढे काय लावलंय, त्याला किती व्होल्टपर्यंत चालतं, वीज परत आल्यावर किती वेळ थांबून सप्लाय द्यायचा, हे लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. हाय-कट, लो-कट आणि डिले ही तीन सेटिंग्ज त्याच माहितीवरून ठरतात. रेग्युलेटरच्या सेटिंग्जचा अर्धा भाग याच तिघांचे नातेवाईक आहेत.

लिनक्समध्ये ही व्यवस्था तशी फार जुनी नाही. रेग्युलेटर सांभाळणारी यंत्रणा २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आली. लियाम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांनी ती उभी केली, तेव्हा ते एडिनबरोच्या वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये होते. सुरुवातीला बोर्डाची माहिती सी भाषेतल्या फाइलींमध्ये, थेट कर्नेलच्या आत लिहीत. नवा बोर्ड आला की नवी फाइल. एआरएमच्या, म्हणजे मोबाइल आणि छोट्या बोर्डांतल्या प्रोसेसरांच्या, बाजूला या फाइलींचं इतकं रान माजलं, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमने डिव्हाइस ट्रीची वाट जोरात धरली. ही कल्पना मूळ ओपन फर्मवेअरची. तिचं मानक १९९४ चं आहे आणि पॉवरपीसी या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरांच्या मशीनवर ती आधीपासून नांदत होती. बोर्डावर काय काय आहे आणि काय कशाला जोडलंय, याचं झाडासारखं वर्णन एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं, ती कंपाइल करायची आणि बूटलोडरने, म्हणजे मशीन चालू होताच कर्नेलला उठवणाऱ्या प्रोग्रामने, ती कर्नेलच्या हाती द्यायची. कर्नेल तेच, बोर्ड बदलला तर वर्णन बदला.

बीगलबोन ब्लॅक हा विद्यार्थ्यांच्या ओळखीचा बोर्ड. त्यावर टीपीएस६५२१७ ही पॉवर चिप आहे. तिचा दुसरा बक प्रोसेसरच्या गाभ्याला वीज पुरवतो आणि त्याचं वर्णन कर्नेलच्या फाइलीत साधारण असं आहे. मूळ मजकूर रोमनमध्ये असतो, इथे उच्चारानुसार देतो:

रेग्युलेटर-नेम = "व्हीडीडी_एमपीयू";
रेग्युलेटर-मिन-मायक्रोव्होल्ट = <९२५०००>;
रेग्युलेटर-मॅक्स-मायक्रोव्होल्ट = <१३५१५००>;
रेग्युलेटर-बूट-ऑन;
रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन;

आकडे मायक्रोव्होल्टमध्ये आहेत. कर्नेलच्या आत दशांश चिन्हाचं गणित टाळतात, म्हणून १.८ व्होल्ट लिहायचे तर १८०००००. शून्यं मोजून लिहा. एक शून्य गळालं तर फाइल कंपाइल होते, कोणी कुरकुर करत नाही, आणि मग बोर्ड का उठत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता या दोन आकड्यांकडे नीट पाहू, कारण सगळी गंमत इथे आहे. हा बक ०.९ पासून ३.३ व्होल्टपर्यंत काहीही देऊ शकतो. ती चिपची ताकद, आणि ती ड्रायव्हरला ठाऊक आहे. वर्णनात लिहिलेले ०.९२५ ते १.३५१५ व्होल्ट ही या बोर्डाची मर्यादा, कारण पुढे जो प्रोसेसर बसलाय त्याला एवढंच झेपतं. म्हणजे 'इतके व्होल्ट दे' असा हुकूम या ओळींत नाही. 'याच्या आत काय करायचं ते कर, बाहेर पाऊल टाकू नकोस' अशी ती परवानगी आहे. एखाद्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली आणि त्याने ३.३ मागितले, तर यंत्रणा ती मागणी फेटाळते आणि प्रोसेसर वाचतो.

आणि परवानगी दिलीच नाही तर? मग कर्नेल व्होल्टेजला हातच लावत नाही. चालू केलेलं जसं आहे तसं राहतं. मला ही या यंत्रणेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. माहिती नसेल तर अंदाज करायचा नाही. दोन्ही आकडे सारखे लिहिले, तर बदल करायला जागा उरत नाही आणि कर्नेल सुरुवातीलाच तेवढं व्होल्टेज लावून टाकतं. बूटलोडरने सोडलेलं व्होल्टेज मर्यादेबाहेर असेल, तर कर्नेल ते ओढून आत आणतं आणि लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, तशी ओळही छापतं.

एकाच रेग्युलेटरवर दोन-तीन ग्राहक असले की प्रत्येक जण आपापली मागणी नोंदवतो. एकाला २.७ ते ३.६ चालतं, दुसऱ्याला ३.० ते ३.३. यंत्रणा सगळ्यांना चालणारा पट्टा काढते, तो बोर्डाच्या मर्यादेत बसतो का बघते आणि त्यातलं सगळ्यात कमी व्होल्टेज निवडते. इथे ३.० ठरेल. पट्टे जुळलेच नाहीत तर शेवटी मागणाऱ्याला नकार मिळतो.

वरच्या उताऱ्यातल्या शेवटच्या दोन ओळींवरून जितके गोंधळ होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसतील. 'बूट-ऑन' म्हणजे हा सप्लाय बूटलोडरने किंवा हार्डवेअरने आधीच चालू केलेला आहे, सुरुवातीला तो चालूच धर. 'ऑलवेज-ऑन' म्हणजे हा कधीच बंद करू नकोस. पहिली सुरुवातीची स्थिती झाली, दुसरी कायमची अट. यांतला फरक कळतो तो साधारण अर्ध्या मिनिटाने. बूट झाल्यावर सुमारे ३० सेकंदांनी कर्नेल झाडू मारतं. ज्या रेग्युलेटरवर कोणीच हक्क सांगितलेला नाही आणि ज्यावर 'ऑलवेज-ऑन' लिहिलेलं नाही, ते सगळे ते बंद करतं. 'बूट-ऑन' इथे वाचवत नाही. त्यामुळे बोर्ड छान उठतो, लॉगिनही येतं, आणि तिसाव्या सेकंदाला डिस्प्ले काळा होतो किंवा अख्खं मशीन गोठतं. लॉगची शेवटची ओळ बघा. रेग्युलेटरचं नाव आणि पुढे 'डिसेबलिंग' असं दिसलं तर चोर सापडला.

यावर घाईतला इलाज म्हणजे दिसेल त्या रेग्युलेटरला 'ऑलवेज-ऑन' चिकटवणं. विकत घेतलेल्या बऱ्याच बोर्डांच्या फाइलींत हेच केलेलं असतं. टेबलावर अडॅप्टर लावून बसणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. बागेतल्या यंत्राला पडतो, कारण दिवसातून चार वेळा लागणारा मोडेम चोवीस तास बॅटरी पीत बसतो. 'ऑलवेज-ऑन' खरं शोभतं ते प्रोसेसरच्या गाभ्याला आणि रॅमला, म्हणजे जे बंद केलं तर बंद करणाराच उरत नाही.

खरा इलाज असा, की ज्याला सप्लाय लागतो त्याच्या वर्णनात तसं लिहायचं. सेन्सरच्या नोंदीत 'व्हीडीडी-सप्लाय' म्हणून रेग्युलेटरचा पत्ता द्यायचा. 'सप्लाय'च्या आधीचं नाव मनाने ठेवायचं नाही, ते त्या भागाच्या ठरलेल्या नियमावलीतून येतं, बहुधा डेटाशीटमधल्या, म्हणजे त्या भागाच्या माहितीपत्रकातल्या, पिनच्या नावावरून. मग ड्रायव्हर गरज लागली की रेग्युलेटर चालू करायला सांगतो आणि काम झालं की सोडतो. कर्नेल मोजत राहतं, आणि शेवटचा ग्राहक उठून गेला की सप्लाय बंद. रेग्युलेटर स्वतःच दुसऱ्या रेग्युलेटरवर जगत असेल, म्हणजे बकच्या पुढे एलडीओ, तर तेही लिहायचं. मग कर्नेल आधी वरचा चालू करतं, नंतर खालचा.

हा पत्ता लिहायचा राहिला, तर लॉगमध्ये 'डमी रेग्युलेटर' वापरतोय अशी ओळ येते. कर्नेल धरून चालतं की सप्लाय असेल कुठूनतरी, चालूच असेल. बऱ्याचदा तसं असतंही, म्हणून लोक ती ओळ वाचत नाहीत. पत्ता दिलाय पण तो रेग्युलेटर अजून जागा झालेला नाही, असं असेल तर ड्रायव्हरला नंतर ये म्हणून परत पाठवलं जातं. लॉगमध्ये उणे ५१७ दिसलं तर घाबरू नका, तो हाच निरोप. तो कायमचाच येत राहिला, तर मात्र पॉवर चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये घातलाय का ते बघा.

मोडेमचा सप्लाय बहुतेक वेळा पीएमआयसीवर नसतो. वेगळा रेग्युलेटर असतो आणि त्याला चालू करायला प्रोसेसरची एक पिन. याला 'फिक्स्ड' जातीत टाकायचं: व्होल्टेज ठरलेलं, हातात फक्त चालू-बंद. इथे एक जुना सापळा आहे. 'एनेबल-ॲक्टिव्ह-हाय' ही ओळ लिहिली नाही, तर कर्नेल असं धरतं की पिन खाली नेली की सप्लाय चालू होतो. तुमचं सर्किट उलट असेल, तर कर्नेल चालू म्हणेल तेव्हा मोडेम बंद आणि बंद म्हणेल तेव्हा चालू. पिनच्या नोंदीतच 'ॲक्टिव्ह-हाय' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, या जातीत निकाल ती वेगळी ओळ देते.

मेमरी कार्डाला दोन सप्लाय लागतात. एक कार्डाच्या पोटाला, ३.३ व्होल्ट. दुसरा सिग्नलच्या तारांसाठी, जो वेगवान कार्ड असेल तर ३.३ वरून १.८ वर उतरतो. म्हणून इथे किमान १८००००० आणि कमाल ३३००००० असा रुंद पट्टा रास्त आहे. पहिला सप्लाय बंद करायची सोय बोर्डावर नसेल, तर रीबूटनंतर कार्ड १.८ च्याच समजुतीत राहतं, बूटलोडर ३.३ ने बोलायला जातो आणि संवाद जमत नाही. हा दोष कोणत्याही ओळीने सुटत नाही, बोर्ड काढतानाच सोडवावा लागतो.

आता वेळेबद्दल. प्रोसेसरवर भार नसेल तेव्हा कर्नेल त्याचा वेग कमी करतं आणि सोबत व्होल्टेजही. नुसता वेग कमी करून फार बचत होत नाही, कारण तेच काम करायला वेळ जास्त लागतो. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे, कारण प्रत्येक स्विचिंगला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. बीगलबोनचा प्रोसेसर १ गिगाहर्ट्झला १.३२५ व्होल्ट मागतो आणि ३०० मेगाहर्ट्झला ०.९५ वर भागवतो. वर्गांचं गुणोत्तर काढा, स्विचिंगचा खर्च जवळपास निम्मा होतो. सोलरवर चालणाऱ्या यंत्रासाठी ही चैन नाही, गरज आहे.

यात क्रम चुकवून चालत नाही. वेग वाढवायचा तर आधी व्होल्टेज वाढवा, मग वेग. उतरायचं तर आधी वेग, मग व्होल्टेज. पण व्होल्टेज काही हुकूम मिळताच वर पोचत नाही, ते चढत जातं. 'रॅम्प-डिले' हे सेटिंग त्यासाठी आहे, आणि एकक मायक्रोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. समजा आकडा १२५०० आहे. ०.९५ वरून १.३२५ वर जायला ३७५००० मायक्रोव्होल्टचा चढ, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. तेवढं थांबून मगच कर्नेल वेग वाढवतं. हे कुठेच लिहिलेलं नसेल आणि ड्रायव्हरलाही ठाऊक नसेल, तर ते थांबत नाही. मग प्रोसेसर अर्ध्या पोटी धावायला लागतो आणि दोन दिवसांतून एकदा, काही कारण न सापडता, कोसळतो. बंद सप्लाय चालू केल्यावर किती थांबायचं त्याचं सेटिंग वेगळं आहे, दोघांची गल्लत करू नका. मशीन झोपी गेल्यावर कोणता सप्लाय चालू ठेवायचा, कोणता बंद, त्यासाठीही उपनोंदी असतात. बॅटरीवरच्या यंत्रात त्या जरूर भरा.

हे सगळे आकडे आणायचे कुठून? बोर्डाच्या सर्किट डायग्राममधून, आणि सप्लायच्या पुढे जे जे जोडलंय त्याच्या डेटाशीटमधून. रेग्युलेटरची डेटाशीट फक्त तो काय देऊ शकतो हे सांगेल. दुसऱ्या बोर्डाची फाइल उचलून नाव बदलण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ओळींची रचना शिकायला ती वाईटही नाही. पण आकडे त्या बोर्डाचे असतात. कर्नेलसोबत फाइल तपासायची सोय येते. प्रत्येक जातीच्या नोंदीत कोणत्या ओळी चालतात हे यामल या साच्यातल्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहिलेलं आहे आणि 'डीटीबीएस-चेक' तुमची फाइल त्याच्याशी ताडून बघतो. नावातली चूक तो पकडेल. १.८ व्होल्टच्या सेन्सरला तुम्ही ३३००००० लिहिलेत, तर तो गप्प बसेल, कारण त्याच्या दृष्टीने तो एक वैध आकडा आहे.

बोर्ड चालू झाल्यावर डीबग फाइल-सिस्टिममधली 'रेग्युलेटर_समरी' ही फाइल उघडा. कोण कोणावर अवलंबून, किती ग्राहक, सध्याचं व्होल्टेज किती, किमान-कमाल किती, सगळं झाडाच्या आकारात दिसतं. पण 'फिक्स्ड' जातीच्या नावासमोरचा आकडा वाचताना लक्षात ठेवा, तो कोणी मोजलेला नाही. तुम्ही फाइलीत लिहिलेलाच आकडा कर्नेल परत दाखवतंय. मोडेमला खरोखर किती मिळतंय ते मल्टिमीटर लावूनच कळेल, आणि तेही अर्धंच. अनेक जीएसएम मोडेमना ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतात. त्या क्षणी व्होल्टेज ३.४ च्या खाली बुडालं तर मोडेम रीसेट होतो. मल्टिमीटरला ती बुडी दिसत नाही, तिच्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि प्रोब मोडेमच्या पिनपाशी लावावा लागतो, रेग्युलेटरपाशी नाही.